वाचलेल्यांची गोष्ट

दिवाळीचा अंक घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरतो. फराळाच्या ताटाशेजारी तो आजोबा चाळतात, दुपारी आवराआवर झाल्यावर घरातल्या बायका वाचतात, आणि रात्री मुले त्यातली व्यंगचित्रे शोधतात. अशा अंकात कर्करोगाविषयी लिहावयाचे म्हणजे सणाच्या दिवशी उंबऱ्यावर उभे राहून अभद्र बोलण्यासारखे आहे, असे कोणाला वाटेल, आणि तसे वाटण्यात काही गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मी ज्याविषयी बोलणार आहे तो विषय मरणाचा नसून सणाचाच आहे. या रोगातून उठलेली माणसे पुढे आपल्या मुलांच्या मुंजीत, दहावीच्या निकालाच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात उभी असतात. त्यांच्या त्या आनंदाला कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत कितीसे स्थान मिळाले आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मूळचा माझा नव्हे. तो माझ्या पत्नीचा आहे.

2009 साली तिला स्तनाचा कर्करोग झाला. तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती. शस्त्रक्रिया झाली, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषधे झाली, केस गेले, किरणोपचार झाले, आणि मग पाच वर्षे रोजची एक गोळी. ती वाचली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी एका कादंबरीचे परीक्षण लिहीत होतो. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका लेखकाचा नव्हता. त्या कादंबरीतल्या आईला कर्करोग होतो, ती मुलीचे लग्न घाईने ठरविते, आणि मुलीची पाठवणी होत असतानाच आतल्या खोलीत प्राण सोडते. मी लिहिले होते की, या शेवटात करुणरसाचा विलक्षण उत्कट परिपोष झाला आहे. पत्नीने तो कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि विचारले, “ती बाई मेली नसती, तर तुमच्या लेखकाचं काय अडलं असतं?”

मी हसण्यावारी नेले. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या घरात ती बाई मेलेली नव्हती, त्या घरात बसून मी तिच्या मरणाची तारीफ लिहीत होतो! माझी रसिकता कोणत्या शाळेत शिकली होती, याचा मला प्रथमच संशय आला. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आपल्याकडे या रोगाविषयी बोलण्याची रीतच पाहा. वर्तमानपत्रात ‘दीर्घ आजाराने’ असे छापून आले की आपण समजावयाचे ते समजतो. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथून लक्षावधी माणसे उपचार घेऊन घरी परतली. तरीही ‘त्यांना टाटाला नेलंय’ हे वाक्य आपण आजही आवाज खाली आणूनच उच्चारतो. आणि जे बरे होतात त्यांच्यासाठी आपल्याजवळ शब्द कोणते आहेत? ‘झुंज’, ‘मात’, ‘विजेता’. हे सगळे शब्द आखाड्यातले. जो वाचला त्याने मात केली असे म्हटले, की जो गेला तो हरला असे न बोलता ठरते. अमेरिकन लेखिका सूझन साँटॅग यांनी स्वतःच्या कर्करोगानंतर 1978 साली आजार आणि रूपके यांविषयी एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता, की रोगाभोवती आपण रचलेली रूपके रोग्याला रोगाइतकीच छळतात. आपल्या मराठीत मात्र एक साधा, निर्मळ शब्द आयता आहे. तो म्हणजे ‘वाचणे’. माणूस वाचतो, पुस्तकही वाचतो. आपली अडचण अशी की, वाचलेली माणसे वाचावयास मिळत नाहीत.

याचे कारण मला असे दिसते की, कथाकाराच्या दृष्टीने मुलाच्या आयुष्यातला प्रसंग ही आजारी माणसाची मुदत असते. ‘मुलाची मुंज पाहीपर्यंत’, ‘मुलीचे दोनाचे चार हात होईपर्यंत’. मुदत भरली की पात्र संपते, आणि लेखकालाही शेवट मिळतो. कथेला आदि, मध्य आणि अंत लागतो, आणि मरणाइतका तयार अंत दुसरा नाही. पण वाचलेल्या माणसाच्या आयुष्यात हाच प्रसंग मुदत राहत नाही, ती एक मजल होते. मजलेवर माणूस टेकतो, पाणी पितो, मागे वळून पाहतो आणि पुन्हा चालू लागतो. पुढची मजल किती लांब आहे हे त्याला ठाऊक नसते. मुदत आणि मजल यांतला हा फरक ज्या कलाकृतीला कळला, तिला वाचलेल्यांचे जीवन कळले, अशी माझी कसोटी आहे. ती लावून काही परिचित कृती पाहू.

‘आनंद’पासून आरंभ करणे भाग आहे, कारण भारतात कर्करोग म्हटला की घरोघरी प्रथम तोच आठवतो. हृषीकेश मुखर्जी यांचा हा चित्रपट 1971 सालचा. चित्रपटाच्या आरंभीच डॉक्टर भास्करच्या पुस्तकाचा गौरव होत असतो आणि आनंद आता नाही हे आपल्याला कळते. म्हणजे प्रेक्षक पहिल्या क्षणापासून मुदत मोजीत बसतो. या चित्रपटाची थोरवी मी नाकारीत नाही. त्याने भयभीत माणसांना हसावयास शिकविले. परंतु आनंद एकटा आहे, त्याला मूलबाळ नाही. त्यामुळे मरणाला सामोरे जाण्याचे त्याचे तत्त्वज्ञान त्याला परवडते. ज्याचे मूल पहिलीत आहे त्या माणसाला असे सुंदर मरण नकोच असते. त्याला शाळेची फी भरावयाची असते. दोन पिढ्यांनी ‘आनंद’ पाहून कसे मरावे हे मनात ठसविले, पण कसे उरावे हे त्यांना कोणी दाखविले नाही.

अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ 1952 सालचा. त्या जपानी शब्दाचा अर्थ ‘जगणे’. पोटाचा कर्करोग झालेला वातानाबे हा सरकारी कचेरीतला जुना अधिकारी एका मुलाचा बाप आहे. आपला आजार तो मुलाला सांगू शकत नाही. मुलाच्या आयुष्यातले प्रसंग त्याला एकामागून एक आठवतात. मुलगा खेळाच्या मैदानावर, मुलगा शस्त्रक्रियेला जाताना, मुलगा युद्धावर निघालेल्या गाडीत. बापाने मुलाच्या मजला मोजलेल्या आहेत, पण मुलाच्या हिशेबात बाप उरलेला नाही. पुढे एका उपाहारगृहात त्याला काय करावयाचे ते उमगते, आणि तो जिना उतरू लागतो. त्याच वेळी पलीकडच्या मुली वाढदिवसाचे गाणे गाऊ लागतात. गाणे त्याच्यासाठी नसते, जिना चढून येणाऱ्या कोणा दुसऱ्याच मुलीसाठी असते. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. वातानाबे मरतो, हे खरे. परंतु कुरोसावाने त्याच्या निश्चयाला वाढदिवसाची जोड दिली, आणि त्याने मरण्यापूर्वी जे उभारले ते मुलांचे खेळण्याचे उद्यान होते. मुदतीच्या गोष्टीत मजलेचे भान ठेवणारी अशी कलाकृती विरळा.

सोल्झेनित्सिन यांची ‘कॅन्सर वॉर्ड’ ही कादंबरी 1968 साली रशियाबाहेर प्रसिद्ध झाली. तिचा नायक कोस्तोग्लोतोव वॉर्डातून जिवंत बाहेर पडतो, हेच मुळी तिचे वेगळेपण. वसंतातल्या एका सकाळी तो फुललेले जर्दाळूचे झाड पाहतो आणि त्याला जग नुकतेच निर्माण झाल्यासारखे वाटते. पण लेखक त्याला फुकटचा आनंद देत नाही. त्याला दिलेल्या औषधांनी त्याचे पुरुषपण हिरावले जाण्याचे भय आहे. जीव वाचला, पण संसार, मूलबाळ यांचे काय, हा प्रश्न त्याला पोखरतो. रोगाने काय घेतले याची नोंद सर्वच लेखक करतात. उपचाराने काय घेतले याची नोंद करणारा हा प्रामाणिक लेखक.

आणि येथे जीवन कादंबरीच्या पुढे गेले. सोल्झेनित्सिन स्वतः 1954 साली ताश्कंदच्या रुग्णालयात याच रोगावर उपचार घेत होते. नायकाच्या मनातले भय त्यांच्या ओळखीचे असले पाहिजे. पुढे 1970, 1972 आणि 1973 साली त्यांना तीन मुलगे झाले. एक पियानोवादक आणि वाद्यवृंदाचा संचालक म्हणून नावाजला. बाप 2008 साली, वयाच्या 89 व्या वर्षी वारला. ‘कॅन्सर वॉर्ड’नंतरची ही गोष्ट त्यांनी कादंबरीत लिहिली असती तर कदाचित कोणा समीक्षकाने ‘शेवट सुखान्त व म्हणून कृत्रिम’ असा शेरा मारला असता. तो समीक्षक बहुधा मीच असतो!

याहून जुना दाखला इंग्रजीतला आहे. फॅनी बर्नी ही आपल्या काळातली नामांकित कादंबरीकार. तिला झालेला स्तनाचा विकार डॉक्टरांनी कर्करोग ठरविला, आणि 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. त्या दिवसाची हकीकत तिने पुढल्या वर्षी आपल्या बहिणीला पत्राने कळविली. ते पत्र लिहावयास तिला काही महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य आपल्यात नाही असे तिने त्यातच सांगितले आहे. वाचलेल्या माणसाने स्वतःविषयी लिहिलेले इतके निर्भय गद्य मला दुसरे माहीत नाही. तिचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. 1812 साली ती त्याला घेऊन इंग्लंडला गेली, कारण नेपोलियनच्या सैन्यात त्याची भरती होण्याचे भय होते. ज्या बाईला वर्षापूर्वी टेबलावर निजविले होते, ती मुलाचा जीव वाचविण्यासाठी समुद्र ओलांडीत होती. 1818 साली तो केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दहावा आला. आईने ते पाहिले. पुढे 1837 साली तो मुलगा वारला. आईने तेही पाहिले, आणि ती त्यानंतर तीन वर्षे जगली. वाचणे म्हणजे सुख पदरात पडणे नव्हे, ते पुन्हा एकदा सर्वांसारखे होणे आहे. सर्वांना जे मिळते ते मिळणार, आणि सर्वांचे जे जाते ते जाणार. हे कळल्याशिवाय या विषयावर लिहू नये.

मराठीकडे वळले की ‘श्वास’ समोर येतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेला हा चित्रपट 2004 साली प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे रोग बापाला नसून मुलालाच आहे. कोकणातल्या परशाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, आणि जीव वाचवावयाचा तर डोळे काढणे भाग आहे. आजोबा शस्त्रक्रियेआधी त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि दिसते आहे तोवर जग दाखवितात. प्रेक्षक येथे रडतात, आणि ‘किती दुःखी चित्रपट’ म्हणत घरी जातात. मला मात्र वाटते, आपण शेवट नीट पाहत नाही. काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावाकडे परत येतो. तो येतो, हे महत्त्वाचे. मुदत संपली, आणि त्यापलीकडे मूल जिवंत आहे. ‘श्वास’ हे नाव येथे सार्थ होते. माझी तक्रार एवढीच की, चित्रपट किनाऱ्यावर थांबला. परशाचा शाळेतला पहिला दिवस, त्याने ब्रेलमधून वाचलेली पहिली ओळ, त्याच्या नोकरीचा पहिला पगार आजोबांच्या हाती पडण्याचा दिवस, हे सारे अजून लिहावयाचे राहिले आहे.

आणि ते लिहावयास हवे, कारण वैद्यक बदलले आहे आणि वाङ्मय अजून बदललेले नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्या. 1948 साली बोस्टनच्या डॉक्टर फार्बर यांनी एका नव्या औषधाने काही मुलांचा रोग काही काळ मागे हटविला. ते औषध अमेरिकेत काम करणारे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केले होते. त्यापूर्वी हा रोग म्हणजे काही महिन्यांची गोष्ट होती. आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात समृद्ध देशांतली दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात. आपल्याकडे प्रमाण कमी आहे. उशिरा येणे आणि उपचार अर्धवट सुटणे ही त्याची मोठी कारणे आहेत. तरीही लहानपणी हा रोग होऊन गेलेली आणि आज स्वतः आईबाप झालेली माणसे आपल्यात वावरत आहेत. पिठाच्या गिरणीत, बँकेच्या खिडकीशी, शाळेच्या फाटकाबाहेर ती आपल्या शेजारी उभी असतात. आपल्या कथांतली माणसे मात्र अजून तिसऱ्या अंकात खोकत बसली आहेत.

याचा अर्थ लेखकांनी आता सत्कारसमारंभ लिहावेत असा नव्हे. शाल, श्रीफळ आणि ‘जिद्दीपुढे रोग नमला’ असे भाषण ही भावविवशताच, फक्त तोंड दुसरीकडे केलेली. जिद्द असूनही गेलेली माणसे मी त्याच वॉर्डात पाहिली आहेत. वाचलेल्या माणसाच्या आनंदात त्या शेजारच्या खाटेची आठवण मिसळलेली असते. दर तपासणीच्या आधीच्या रात्री घरात कोणी फारसे बोलत नाही. मुलीच्या स्नेहसंमेलनाची तारीख आणि तपासणीची तारीख एकाच दिनदर्शिकेवर, एकाच पेनाने लिहिलेली असते. भय जात नाही, ते घरातल्या माणसासारखे कोपऱ्यात बसून असते, आणि सण त्याच्यादेखत होतो. हा जो मिश्र रस आहे त्याला आपल्या नवरसांत वेगळे नाव नाही. म्हणून तो दाखविणे अवघड, आणि म्हणूनच तो लेखकाच्या योग्यतेचा.

आपल्या परंपरेला हे अगदीच अनोळखी आहे असेही नाही. सावित्रीची गोष्ट आपण वडाला दोरा गुंडाळण्यापुरती ठेवली आहे. यम गेला, सत्यवान उठला, गोष्ट संपली, असे आपण समजतो. महाभारताच्या वनपर्वात ती तेथे संपत नाही. सत्यवान जागा होतो तो अशक्त असतो, रात्र झालेली असते, आणि त्याला पहिली काळजी वाटते ती घरी वाट पाहणाऱ्या आईबापांची. सावित्री त्याला सांगते की, फळांची टोपली येथेच राहू दे, फळे उद्या नेता येतील. ती टोपली फांदीला अडकविते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवते आणि अंधारातून घरची वाट धरते. यमाला जिंकणाऱ्या बाईच्या तोंडी त्या महाकवीने विजयाची घोषणा घातली नाही, उद्याच्या फळांचा विचार घातला. वाचलेल्यांच्या वाङ्मयाची दीक्षा घ्यावयाची तर त्या टोपलीपासून घ्यावी.

असो. पत्नीचा प्रश्न अजून उरला आहे. ती बाई मेली नसती तर लेखकाचे काय अडले असते? माझे उत्तर असे, की त्याला आणखी लिहावे लागले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरविणारी माणसे आली असती, उष्ट्या पत्रावळींचा ढीग उचलावा लागला असता, मुलीची विसरलेली पिशवी कोणाकरवी पाठवावी लागली असती, आणि त्या आईला औषधाची गोळी कोणी आठवणीने दिली असती. मरणाने लेखकाची या सगळ्यातून सुटका केली, आणि मी त्या सुटकेला कला म्हटले.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगतो. 2009 च्या त्या दिवसांत, औषधे चालू असताना, पत्नी दुपारी शिवणयंत्रावर बसे. मला वाटे, मन रमवीत असेल. पुढे एकदा कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार पुडकी मला सापडली. प्रत्येकात मुलीसाठी खणाचे एक परकर-पोलके होते, आणि प्रत्येकाला टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर एका दिवाळीचे साल होते. 2010, 2011, 2012, 2013. मूल दर वर्षी किती वाढेल याचा अंदाज करून तिने मापे वाढवीत नेली होती. मी ती पुडकी होती तशी ठेवून दिली, आणि आम्ही दोघांनी त्याविषयी कधी अक्षर काढले नाही.

पहिले तीन अंदाज बरोबर आले. 2013 च्या दिवाळीत, पहिल्या अंघोळीनंतर, मुलीने चौथे पुडके उघडले, तर परकर चार बोटे आखूड! पोरगी आईच्या अंदाजापेक्षा उंच झाली होती. ती हिरमुसली. पत्नी मात्र इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. “चुकलंच की माझं माप,” म्हणाली. मग ओले केस पंचात तसेच बांधून ती यंत्रावर बसली आणि दुसऱ्या खणाची पट्टी परकराच्या खाली जोडू लागली. फराळाला आम्हांला तासभर उशीर झाला.

मुलगी आता पदवीधर झाली आहे. तो परकर अजून घरात आहे. जोडलेल्या पट्टीचा रंग वरच्या खणाशी जुळत नाही. एक समीक्षक या नात्याने ते माझ्या लक्षात आले होते, पण मी काही बोललो नाही.